तिचा नंबर वेगळा आहे

रत्नागिरी, गुरुवार रात्र

प्रिय आई, बाबा,

पोचले. पाऊस आहे, लॉजच्या खिडकीतून वास सगळा मॉरिशसमधल्या आपल्या कास्काव्हेलचा येतोय, फक्त ऊस नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण बाबा, तुम्ही मधेच बोलायला लागता आणि माझं राहून जातं. म्हणून पत्र.

बाबा, करारावर ऊस तोडायला आलेल्या खापरपणजोबांच्या नोंदीची, मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून मिळालेली प्रत तुम्ही देव्हाऱ्याशेजारी लावलीत. नंबर, बापाचं नाव, वय, उंची, 1853 साल. जातीच्या रकान्यात ‘मराठा’ बघून तुम्ही खूश झालात. त्या पानावरच्या प्रत्येकापुढे तेच लिहिलंय, हे तेव्हा मी बोलले नाही. आणि आपलं आडनाव म्हणजे त्यांच्या बापाचं पाळण्यातलं नाव. कारकुनाने जे ऐकलं ते आडनाव झालं.

निघण्याआधी मी पुन्हा मोक्याला जाऊन आले. तिथे दुसरी नोंद सापडली. 1858 सालची, मुंबईहून आलेल्या बोटीची. बाई, वय 24, सोबत मुलगा, वय 5. नवऱ्याच्या रकान्यात आपल्या खापरपणजोबांचा नंबर.

म्हणजे दोघं एकत्र आले ही आपली गोष्ट खोटी. ते निघाले तेव्हा ती गरोदर असणार, नाहीतर नुकती बाळंत. दगड उलटला की खाली सोनं सापडतं असं सांगून माणसं नेली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पाच वर्षांत सोनं आलं नाही, नवरा आला नाही, आणि तरी ही बाई पोर कडेवर घेऊन रत्नागिरीच्या बंदरातून गलबताने मुंबईला गेली आणि तिथून काळ्या पाण्यावर. तिला कोणी फसवलं असेल असं मला वाटत नाही. तोवर परतलेले लोक गावोगाव होते. ऊस कसा तोडतात, एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कसा कापतात, महिन्याचे पाच रुपये हातात किती उरतात, हे तिच्या कानावर आलेलं असणार. ती माहीत असून निघाली.

पोर्ट लुईच्या घाटावरच्या त्या पायऱ्या आपण दर 2 नोव्हेंबरला, मजुरांच्या आगमनदिनी, चढतो. तुम्ही दर वेळी म्हणता, ‘इथून आपला माणूस चढला.’

मुलाच्या नोंदीपुढे नंतर वेगळ्या शाईत लिहिलंय : मृत, 1867. तो हिवतापाच्या साथीचा काळ, पोर्ट लुईत प्रेतं उचलायला माणसं पुरत नव्हती. पुढच्याच वर्षी खापरपणजोबांच्या नावापुढेही तेच. त्यांचा जो फोटो आपण पुजतो ना, डोळे वटारलेला, तो हौसेचा नाही. 1867च्या कायद्याने करार संपलेल्या माणसाला फोटो चिकटवलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. नसलं तर पोलीस भटका म्हणून धरत. मरायच्या काही महिने आधीचा चेहरा आहे तो.

तिचा फोटो नाही. बायकांशी मळ्याचा करार क्वचितच व्हायचा, त्यामुळे पगारपत्रकातही ती नाही. मग मागे उरलेल्या त्या तान्ह्या पोराला, म्हणजे तुमच्या आजोबांना, तिने कशावर वाढवलं? आई, तुझ्या सासूबाई सांगायच्या त्या गाईच्या गोष्टीवर आता माझा विश्वास बसतोय. मळ्याच्या कडेचं गवत कापायचं, दूध विकायचं. पुढे साखरवाल्यांनी पडीक जमिनीचे तुकडे विकायला काढले तेव्हा आपला तुकडा घेतला गेला. सातबारा कुणाच्या नावावर झाला ते जाऊ दे. (इथे राहून मी ‘सातबारा’ म्हणायला लागले.)

गावाचं म्हणाल तर कारकुनाचं स्पेलिंग असं आहे की दोन गावांना बसेल. दोन्हीकडे एसटीने जाऊन आले. एका ठिकाणी पोरं गणपतीसाठी जाखडीचा सराव करत होती. बाबा, पायाचा ठेका तोच! तुमची झाकरी, फक्त ढोलकी जरा सावकाश. मी कोपऱ्यात उभी राहून रडले, मग एका काकूंनी घरात नेऊन आंबोळी खायला घातली. आपलं गाव हेच का, हे त्यांनाही माहीत नाही आणि मला आता फारसं नडत नाही.

त्या काकूंच्या सासूबाईंच्या हातावर तुळस गोंदलेली होती. मी नोंद वाचून दाखवली, ‘खुणा : डाव्या हातावर गोंदण.’ म्हातारी म्हणाली, दागिना इथेच ऱ्हातो गो, गोंदण तेवढं सोबत येतं.

माती आणत नाही, बाबा. विमानतळावर काढून घेतात.

नोंदीची प्रत सोबत आहे. तिचं नाव मी मुद्दाम इथे लिहिलेलं नाही. स्पेलिंग चमत्कारिक आहे, चष्मा लावून बसा, आईला मोठ्याने वाचू द्या. दोन-तीनदा म्हटलं की ओळखीचं होतं. पितृपक्षाला पंधरा दिवस आहेत, तोवर बसेल जिभेवर. पानं या वर्षी दोन वाढा.

तुमची,
धाकटी