फुकटचे विंडोज आणि मुक्त लिनक्स

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कराडमध्ये गेली बावीस वर्षे मी कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्तीचे दुकान चालवतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, संपला. तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी कॅबिनेट उचलून आणते आणि विचारते, ‘हा आता भंगारात घालायचा का?’ मशीन ठणठणीत असते. प्रोसेसर साधारण २०१७ च्या आधीचा आहे किंवा मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून ते विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, एवढेच. रॅम वाढवली, एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली घातली की तेच मशीन आणखी काही वर्षे सहज काम देईल, असे मी प्रत्येकाला सांगतो. आजवर अकरा जणांनी ऐकले. त्यातली चार मशीन परत आली. ती का परत आली, हे सांगण्यासाठी हे पत्र.

लिनक्स हळू चालते, अडकते किंवा समजत नाही, अशी तक्रार चौघांपैकी एकाचीही नव्हती. एका हिशेबनिसांचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारे निघाले. एका ठेकेदाराला निविदा भरायची होती आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनबरोबर मिळालेला प्रोग्राम विंडोजचाच होता. एका शिक्षिकेच्या प्रिंटरचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर काही केल्या नीट बसेना.

चौथे मशीन डीटीपी करणाऱ्या एका ताईंचे. ते परत आले तेव्हा मला सर्वांत जास्त वाईट वाटले. पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, सभेच्या नोटिसा असे वीस वर्षांचे काम त्यांच्या हार्ड डिस्कवर आहे आणि ते सगळे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला संकेत देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या. अशा फाइलमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. आत एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते आणि फॉन्ट त्याला ‘क’चे रूप देतो. फॉन्ट नसेल तर अख्खा अहवाल म्हणजे चिन्हांचा कचरा. फॉन्ट मी लिनक्सवर चढवलाही, पण त्याच्या जोडीने येणारे टायपिंगचे सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही. ‘दादा, माझ्या फाइली मुक्या झाल्या,’ असे त्या म्हणाल्या आणि मी मुकाट्याने विंडोज परत घातले. लिनक्सवर युनिकोड मराठी उत्तम चालते, लोहितसारखे मोफत देवनागरी फॉन्ट कधीचे उपलब्ध आहेत. पण ताईंचा छापखाना आजही जुन्याच फॉन्टमध्ये मजकूर मागतो. त्याला त्या काय करणार?

लोक मला विचारतात, एवढे चांगले आणि तेही विनामूल्य, तर मग चालत का नाही? उत्तर सोपे आहे. आपल्या बाजारात विंडोजही फुकटच मिळत आले. असेंबल्ड मशीन घेतले की दुकानदार क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, प्रत घालून देतो, गिऱ्हाईक पावती मागत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच केले आणि त्याची मला आज मनापासून खंत वाटते. चीनमधल्या चोरीच्या प्रतींबद्दल बिल गेट्स १९९८ मध्ये उघडपणे बोलले होते की, लोक चोरणारच असतील तर आमचेच चोरू देत, त्यांना सवय लागेल आणि वसुली कशी करायची ते पुढे पाहू. ती सवय आपल्यालाही लागली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य. आपण त्यातले फक्त ‘पैसे लागत नाहीत’ एवढेच ऐकले, आणि त्या एका गुणात चोरीची प्रत बरोबरीला येऊन बसली.

नव्या मशीनची कथा त्याहून जुनी आहे. कॉम्प्युटर बनवणाऱ्या अनेक कंपन्या एके काळी मायक्रोसॉफ्टला प्रत्येक विकलेल्या मशीनमागे पैसे देत, मग त्यात तिची प्रणाली घातलेली असो वा नसो. दुसऱ्याची प्रणाली घालायची तर दोनदा खर्च. अमेरिकी सरकारने १९९४ च्या तडजोडीत ही पद्धत बंद करायला लावली, पण तोवर बाजाराची घडी बसली होती. जिथे गिऱ्हाइकाच्या आधी दुसऱ्या कुणी निवड केलेली नसते, तिथे लिनक्स हरलेले नाही. २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक सगळे लिनक्सवर चालतात, आपल्या खिशातल्या अँड्रॉइडच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. टेबलावरच्या मशीनवर मात्र ते जगभरात चार टक्क्यांच्या आसपास घुटमळते.

जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे वळायचे ठरवले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार मशीन बदलली. २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. हे उदाहरण माझ्या तोंडावर फेकले जाते, म्हणून मुद्दाम लिहितो. बाहेरच्या कार्यालयांतून येणारे दस्तऐवज नीट न उघडणे, ही तिथल्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारींतली एक होती. म्हणजे अडचण तीच, आमच्या ताईंची. एकटे शहर बदलून भागत नाही, ज्यांच्याशी कागदांची देवाणघेवाण आहे त्यांनीही कोणत्याही प्रणालीवर उघडणारे खुले फाइल-स्वरूप वापरावे लागते. त्याच देशात श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार मशीन लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरवर आणि पुढे लिनक्सवर नेण्याचे जाहीर केले.

आणि आपल्याच देशात, केरळात, हे शाळेपासून झाले. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून शिक्षकांना तयार केले गेले, आणि पुढे सरकारी शाळांतले संगणक शिक्षण, दहावीच्या परीक्षेसह, मुक्त सॉफ्टवेअरवर गेले. तिथले मूल लिनक्सला बिचकत नाही, कारण माउस पहिल्यांदा हातात धरला तोच लिनक्सवर. आमच्याकडे संगणक वर्गात ‘कॉम्प्युटर शिकणे’ म्हणजे एकाच कंपनीचे मेनू पाठ करणे.

केंद्र सरकारचे २०१५ चे धोरण मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशा, सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या असे सांगते, खुल्या मानकांचे धोरण तर २०१० चे आहे. राज्याकडे माझे मागणे त्याच्या आतलेच आहे. ज्या संकेतस्थळावर नागरिकाला डिजिटल सही करावी लागते, तिथे लिनक्सवरची सोय झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. सरकारी खरेदीतला प्रत्येक प्रिंटर लिनक्सवर छापून दाखवल्यावरच बिल निघावे. युनिकोडमध्ये नसलेला मराठी मजकूर कोणत्याही कार्यालयाने स्वीकारू नये आणि तसा मागूही नये. जिल्हा परिषदेच्या शाळांतली जी मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, ती लिलावात काढण्याआधी एकदा लिनक्स घालून पाहावीत. पाटण-कराड पट्ट्यातल्या कोणत्याही शाळेसाठी हे काम मी मजुरी न घेता करीन.

ताईंच्या फाइली मी रविवारी थोड्या थोड्या युनिकोडमध्ये बदलून देतो आहे. जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात, म्हणून वेळ लागतो. २००९ पर्यंतचे अहवाल झाले आहेत.

आपला,
एक वाचक, कराड (जि. सातारा)