काका, त्या पाच मिलिव्होल्टबद्दल

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. आता बदला विषय!

१९८१ साली अमेरिकेत सॅन होजेत माझ्याकडे पदवी होती, नोकरी नव्हती. मंडळाच्या गणपतीत मी आरतीला पेटी धरली, तेवढ्यावर तुम्ही मला हेरलंत आणि तुमच्या सिंथेसायझरच्या कारखान्यात टेस्ट बेंचवर, म्हणजे तयार यंत्रं तपासायच्या टेबलावर, चिकटवलंत. साहेबाला म्हणालात, "सोल्डरिंग मी शिकवतो. कान त्याला आहे."

आजच्या पोरांना ते काम समजावताना माझी दमछाक होते. ॲनालॉग यंत्रात स्वर म्हणजे व्होल्टेज. एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या वाट्याला जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. त्यात ऑसिलेटरमधले, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटमधले, ट्रान्झिस्टर उष्णतेला भलते हळवे; यंत्र तापलं की सूर सरकला. पाच आवाजांच्या, म्हणजे एकावेळी पाच स्वर वाजवणाऱ्या, यंत्रात असे दहा ऑसिलेटर. मी मीटरकडे बघत ट्रिमर, म्हणजे सूर जुळवायचा बारीक स्क्रू, फिरवायचो. तुम्ही मीटरवर रुमाल टाकलात आणि दोन ऑसिलेटर एकदम वाजवलेत. ४४० हर्ट्झच्या स्वरात पाच मिलिव्होल्टचा फरक राहिला, तर सेकंदाला दीड हेलकावा ऐकू येतो. "तंबोऱ्याची जोड लावतोस ना? तेच हे," म्हणालात. हेलकावा लांबत लांबत नाहीसा होईपर्यंत ट्रिमर केसभर केसभर हलवायचा, मग झाकण लावून, यंत्र तापू देऊन पुन्हा ऐकायचं. रुमाल काढल्यावर काटा बरोबर जागेवर असायचा. पगारापेक्षा मला त्याचंच अप्रूप होतं.

मग १९८३ उजाडलं. जानेवारीत ॲनाहाइमच्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे सिंथेसायझर एका केबलने जोडले गेले; यंत्रांच्या या सामायिक भाषेचं नाव मिडी. एकावर वाजवलं की दुसराही वाजायचा, आणि हे दोघे एकमेकांचे स्पर्धक! त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर बाजारात आला: सोळा आवाज, किंमत दोन हजार डॉलरच्या आत. गंमत म्हणजे त्यामागचं, एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवून आवाज घडवायचं एफएम तंत्र जॉन चाउनिंग यांनी आपल्या शेजारच्याच स्टॅनफर्डमध्ये शोधलेलं, आणि त्याचा परवाना गेला जपानच्या यामाहाला. डिजिटल यंत्राचा सूर उष्णतेने सरकत नाही. म्हणजे आमच्यासारख्या ट्रिमरवाल्यांचं काय, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बेंचवर सगळे डीएक्स-७च्या नावाने बोटं मोडत होते. तुम्ही मात्र मला घरी बोलावलंत. जेवणाच्या टेबलावर विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मांडलात, काकूंची कुरकुर सुरूच होती, आणि मिडीचा एक स्वर मला डोळ्यांनी दाखवलात. तीन बाइट: कोणत्या चॅनेलवर काय करायचं, कोणती पट्टी, किती जोराने. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने जेमतेम एक मिलिसेकंदात काम फत्ते. पलीकडच्या यंत्रात तारेचा प्रवाह थेट शिरतच नाही, मध्ये ऑप्टोआयसोलेटर असतो. एलईडी लुकलुकतो, पलीकडे फोटोट्रान्झिस्टर ते वाचतो आणि दोन यंत्रांच्या जमिनीच्या तारा (अर्थिंग) एकमेकींना जोडल्या न गेल्यामुळे घरघर येत नाही. "बघ, मीटरची पोरं हे शिकणार नाहीत. तू शिक," म्हणालात. झेड-८० या मायक्रोप्रोसेसरच्या असेंब्ली भाषेचं तुमचं खुणा केलेलं पुस्तकही दिलंत. ते मी अजून परत केलेलं नाही, करणारही नाही.

पुढे कारखाना आटला. टेस्ट विभाग आधी गेला, तेव्हा मी फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्रॅम लिहायच्या, टेबलावर होतो, आणि त्याच जोरावर माझी उरलेली नोकरी झाली. तुम्ही स्वतः मात्र शेवटपर्यंत बेंच सोडलं नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही चहाच टाकायला सांगितला असता.

तुमच्या गॅरेजमधल्या त्या यंत्राचे दोन आवाज बंद आहेत असं काकू फोनवर म्हणाल्या. शनिवारी येतो. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि ट्रिमर मी आणतो, तुम्ही फक्त सर्किटचा कागद शोधून ठेवा.

तुमचा,
बेंचवरचा पेटीवाला