आधी पठाण, मग डोलकाठी

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या खेळण्यांवर लेख होता. त्यात रिमोटवरच्या शिडाच्या बोटींना मोटारगाड्यांच्या रांगेत बसवलंय, बटण दाबलं की पळणाऱ्या. मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो आणि निवृत्त झाल्यापासून ठाण्यात तलावावर अशीच बोट चालवतो. ते वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

या बोटीला पुढे ढकलणारी मोटार नसते. रिमोटवर दोनच कामं: सुकाणू वळवणं आणि शिडांचे दोर ओढणं-सोडणं. बाकी सगळा भार वाऱ्यावर आणि आपण घरी केलेल्या जुळणीवर. माझी बोट 'वन मीटर' वर्गातली. १९८८ साली सुरू झालेल्या या वर्गाच्या शर्यती आज अनेक देशांत होतात. लांबी जास्तीत जास्त एक मीटर, वजन कमीत कमी चार किलो. त्यातले २.२ ते २.५ किलो नुसत्या तळाखालच्या उभ्या पात्याचे आणि त्याच्या टोकाला लावलेल्या शिशाचे. आमच्या देवगडकडच्या गलबतांना लाकडाचा पठाण, म्हणजे तळाचा लांब कणा असतो, त्याचं काम इथे हे पातळ पातं करतं. बोट आडवी होऊ देत नाही आणि वाऱ्याबरोबर बाजूला घसरूही देत नाही.

गेल्या वर्षी माझी बोट अशी वागायला लागली की वारा उजवीकडून असला तर छान वाऱ्याच्या दिशेने वर चढायची आणि डावीकडून आला की घसरत काठाला लागायची. मी दोष डोलकाठीला दिला. काठीला धरणाऱ्या बाजूच्या तारा अर्धा आटा आवळ, अर्धा आटा सोड, असं चार रविवार चाललं. काठी मागे कलली की बोट वाऱ्याकडे तोंड फिरवते, मग ती सरळ ठेवायला सुकाणू सारखं धरून ठेवावं लागतं, आणि तिरकं धरलेलं सुकाणू म्हणजे ब्रेकच. म्हणून काठी दोन मिलिमीटर पुढे घेऊन पाहिली. मागची तार ओढून काठी वाकवली, मोठं शीड चपटं केलं. सगळं वहीत लिहीत होतो. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडायची.

शेवटी घरी दोन स्टुलांवर बोट उलटी ठेवली. स्पिरिट लेव्हलने डेक सपाट केला, पात्याच्या बाजूला ओळंबा सोडला. पातं उभ्यात बरोबर होतं. मग नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरा ताणला आणि वरून पाहिलं. पात्याची मागची कड दोऱ्याखाली होती, पुढची कड दोन मिलिमीटर बाजूला. पात्याची रुंदी ऐंशी मिलिमीटर, त्यात दोन म्हणजे जवळजवळ दीड अंश. चार रविवार मी जो दोष वर शोधत होतो तो खाली होता. पातं ज्या खाचेत बसतं तिच्या आत एका बाजूला रेझिनचा थेंब सुकून राहिला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. बारीक कानशीने तो काढला, दुसऱ्या बाजूला ०.२ मिलिमीटरची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती घातली आणि दोरा पुन्हा ताणला. दोन्ही कडा दोऱ्याखाली आल्या.

तारांचे सगळे आटे वहीत बघून मूळ जागी नेले. पुढच्या रविवारी येऊरच्या डोंगराकडून वारा उतरत होता, हलका, मध्येच दिशा बदलणारा. बोट दोन्ही अंगांनी सारखी चढली. माझ्या शेजाऱ्यांची सातवीतली मुलगी काठावर होती. तिने विचारलं, "काका, तुम्ही आधी खालचं का नाही बघितलं?" आता तीच वही तिच्याकडे आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की लिहायची, हे तिने लगेच उचललं. हे पुरवणीत यायला हवं होतं. शाळांच्या छंदवर्गातही यायला हवं. त्याला महागडी बोट लागत नाही, ओळंबा, दोरा आणि पट्टी पुरते.

आणखी एक विनंती, ठाणेकर वाचकांना. तलावात हार सोडतात तेव्हा फुलं कुजून जातात, पण नायलॉनचा दोरा राहतो. तो पात्याला गुंडाळला की दीड अंश काय न् दहा अंश काय, बोट वळतच नाही. ऑक्टोबरात एका सकाळी मी माझ्या पात्यावरून सात दोरे सोडवले, एकाला झेंडूचा देठ अजून चिकटलेला होता. निर्माल्य कलशातच टाकावं. कलश भरलेला असेल तर निदान हाराचा दोरा घरीच कापून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त फिटर, ठाणे (प.)