शिखराचा दिवस आधी ठरवू नका

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील आल्प्सच्या सहलींवरील लेखांत युंगफ्राऊयोख (युंगफ्राऊ शिखराजवळची खिंड, जिथपर्यंत रेल्वे जाते), टिटलिस, मॅटरहॉर्न ही नावे असतात, बर्फाचे फोटो असतात. पण वर पोहोचल्यावर काही दिसणार की नाही हे ज्यावर ठरते, त्या गोष्टी लेखात फारशा येत नाहीत. ‘तिसऱ्या दिवशी युंगफ्राऊयोख’ असे दोन महिने आधीच पक्के केले की त्या दिवशी आभाळ भरलेले असले तरी जावेच लागते. खालच्या इंटरलाकेन गावाहून पूर्ण दराने जाऊन-येऊन 200 स्विस फ्रँकहून अधिक मोजायचे आणि काचेपलीकडे पांढरे धुके बघून परतायचे, याची मनापासून हळहळ वाटते, कारण हे टाळणे सोपे आहे.

एकाच दरीत निदान तीन रात्री राहा आणि त्यातला कोणता दिवस शिखराचा, हे आदल्या संध्याकाळी अंदाज बघून ठरवा. युंगफ्राऊयोखच्या गाडीला उन्हाळ्याच्या गर्दीच्या महिन्यांत आसन आरक्षण सक्तीचे असते. तेही तेव्हाच करावे, सकाळी लवकरच्या गाडीचे. उन्हाळ्यात दुपारनंतर शिखरांवर ढग जमू लागतात आणि संध्याकाळकडे गडगडाटी पाऊस येतो. निघण्यापूर्वी वरच्या स्थानकावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र बघा. खिडकीतून आभाळ बघून अंदाज बांधू नका. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात थंड हवा दरीत साचते, खाली दिवसभर करडे मळभ असते आणि वर लख्ख ऊन, पायाखाली ढगांचा समुद्र. अशा दिवशी खोलीत बसून राहणारे लोक वर्षातले सर्वांत सुंदर दृश्य गमावतात.

कॅमेऱ्याबरोबर वाराही बघावा. दक्षिणेकडून ‘फ्योन’ हा कोरडा, उबदार वारा सुटला की आकाश स्वच्छ असूनही रोपवे बंद ठेवावे लागतात. टिटलिस, शिल्टहॉर्न आणि फ्रान्समधील शामोनीचे एग्वीय द्यू मिदी ही ठिकाणे सर्वस्वी रोपवेवर अवलंबून आहेत. युंगफ्राऊयोखची 1912 पासूनची दातेरी रेल्वे (रुळांमधल्या दातेरी पट्टीत दातेचाक अडकवून चढणारी) मात्र आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातल्या बोगद्यातून जाते. त्यामुळे ती खराब हवेतही सहसा धावते, आणि गाडी चालू आहे म्हणजे वर दिसत असणार असा गैरसमज होतो.

पावसाचा दिवस वाया जात नाही. लाउटरब्रुनेनच्या दरीत ट्रुमेलबाख हा धबधबा डोंगराच्या आत आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचे पाणी, सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत, कातळातल्या पिळवटलेल्या घळीतून दहा टप्प्यांत कोसळते. आतल्या लिफ्टने वर जाऊन ओल्या पायऱ्यांनी उतरायचे; कठड्याला हात लावला तर तो थरथरत असतो, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. घट्ट पकडीचे बूट आणि रेनकोट हवाच. चार वर्षांखालील मुलांना आत सोडत नाहीत आणि हिवाळ्यात हे ठिकाण बंद असते.

पासचा घोळ तिकीट खिडकीवर रोज होतो. स्विस ट्रॅव्हल पास या पर्यटकांच्या प्रवास-पासवर रिगी, स्टान्सरहॉर्न आणि श्टोस या डोंगरी ठिकाणांना वेगळे पैसे पडत नाहीत. गोर्नेरग्राट आणि टिटलिसला निम्मे पडतात. युंगफ्राऊयोखसाठी मात्र हा पास वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगन गावापर्यंतच चालतो, पुढे फक्त 25 टक्के सूट. ज्यांना दोन-तीन महागडी शिखरेच करायची आहेत त्यांना हाफ फेअर कार्ड बहुधा स्वस्त पडते, कारण त्यावर युंगफ्राऊयोखलाही निम्मेच भाडे लागते.

उंचीची बाब तर जिवाशी निगडित आहे. 2020 साली सुरू झालेल्या आयगर एक्स्प्रेस रोपवेमुळे ग्रिंडेलवाल्डच्या तळापासून 3454 मीटरवरचे युंगफ्राऊयोख पाऊण तासावर आले. एग्वीय द्यू मिदीला 1035 मीटरवरून 3777 मीटरवरच्या स्थानकावर न्यायला दोन रोपवेंना जेमतेम वीस मिनिटे पुरतात. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. युंगफ्राऊयोखला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. गाडीतून उतरताच जिना धावत चढणाऱ्यांना भोवळ येते ती यामुळे. पहिली दहा-पंधरा मिनिटे संथ चाला, पाणी पीत राहा. डोके दुखून मळमळू लागले तर गोळी घेऊन वरच थांबू नका, पुढच्या गाडीने खाली या. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते, तेव्हा खाली 22 असले तरी वर शून्याच्या आसपास असणार. बर्फावरून परतणारे ऊन डोळे भाजून काढते. काळा चष्मा लहान मुलांनाही लावा.

तारखा ठरवताना नोव्हेंबर आणि वसंताच्या सुरुवातीचे आठवडे तपासून घ्या. रोपवेंची वार्षिक दुरुस्ती अनेकदा तेव्हाच असते. ल्युसर्नजवळच्या पिलाटुस डोंगराची रेल्वे हिवाळ्यात धावत नाही, तेव्हा क्रीन्सच्या बाजूच्या रोपवेने जावे लागते. ही 1889 ची रेल्वे मुद्दाम बघण्यासारखी आहे. चढ 48 टक्के, जगातल्या दातेरी रेल्वेंत सर्वांत तीव्र. एवढ्या चढावर उभे दातेचाक पट्टीवरून वर उचलले जाण्याचा धोका असतो, म्हणून इथे दोन आडवी चाके पट्टीला दोन्ही बाजूंनी चिमटीसारखी धरतात. स्थानकावर गाडीखाली वाकून बघितले तर ती दिसतात.

पायी फिरणाऱ्यांनी पाट्यांचे रंग शिकून घ्यावेत. नुसती पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरवाट, तिथे चांगले बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा असेल तर अनुभवाशिवाय पाऊल टाकू नये. पाटीवरची वेळ न थांबता चालण्याची असते. मॅनलिखेन डोंगर ते क्लाइने शाइडेक रेल्वे स्थानक ही हलक्या उताराची दीड तासाची वाट फोटो काढत सहज अडीच तास घेते. म्हणून चालायला लागण्यापूर्वी शाइडेकहून खाली जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्यावी. ती चुकली तर अंधारात कित्येक तासांची उतरण पायी करावी लागते. आपल्या पुरवणीत प्रत्येक ठिकाणासोबत निदान ही वेळ आणि वरच्या स्थानकाची उंची छापावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक