मेंदूतली सूज आणि माझं काम

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मेंदूतल्या दाहाच्या, म्हणजे सुजेच्या, संशोधनात दिवसभर नेमकं काय करतात आणि त्याला इतकी वर्षं का लागतात, हे फोनवर कधीच पुरं सांगून होत नाही. म्हणून लिहून पाठवते.

पायाला जखम झाली की दाह डोळ्यांना दिसतो. मेंदूतला दिसत नाही, पेशी मोजून शोधावा लागतो. मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्या १९१९ मध्ये वेगळ्या ओळखल्या. आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मेंदूत शिरतात आणि हुबेहूब तशाच दिसू लागतात. घरच्या कोणत्या आणि बाहेरून आलेल्या कोणत्या, हे ठरवण्यातच कामाचा मोठा भाग जातो.

उंदराचा मेंदू काढण्याआधी हृदयातून थंडगार सलाइन सोडून रक्त धुऊन काढतात. यकृत फिकट पडलं की धुणं नीट झालं. ते अर्धवट राहिलं तर रक्तातल्या पेशी मेंदूतल्या म्हणून मोजल्या जातात. मग मेंदू बारीक करून पर्कॉल नावाच्या दाट द्रावणाच्या ३० आणि ७० टक्के थरांवर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. मायलिनची, म्हणजे मज्जातंतूंवरच्या वेष्टनाची, चरबी वर तरंगते, हव्या त्या पेशी दोन थरांच्या सीमेवर जमतात. यंत्राचा ब्रेक बंदच ठेवायचा, नाहीतर थांबताना थर ढवळतात. शेवटी पेशी एकेक करून तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटर या यंत्रावर सीडी४५ या पेशीवरच्या खुणेची पातळी बघायची: मायक्रोग्लियावर ती कमी, बाहेरच्या पेशींवर जास्त. आजार चढला की हा फरकही पुसट होतो, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबणाऱ्या निष्कर्षाकडे मी तरी संशयानेच बघते.

खरी मेख वेगळीच आहे. पेशी सुट्या करायला एन्झाइम घालून ३७ अंशांवर ठेवलं, तर तेवढ्यातच मायक्रोग्लिया खवळतात आणि निरोगी उंदराच्या पेशीही आजारी वाटतात. म्हणून सगळं बर्फावर करायचं, किंवा जनुकांचं वाचन थांबवणारं औषध आधीच घालायचं. द्रावणात जिवाणूंच्या विषाचा अंश राहिला तरी हाच घोटाळा होतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर हल्ला करते तो आजार. तसा आजार उंदरांत घडवायचा तर मायलिनमधल्या एका प्रथिनाचा तुकडा प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या तेलकट मिश्रणात (अ‍ॅडज्युव्हंटमध्ये) घोटून टोचतात, आणि त्याच दिवशी व दोन दिवसांनी डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष देतात. मिश्रणाचा थेंब पाण्यात टाकला की पसरता कामा नये. पसरला तर आजार होतच नाही, आणि ते कळायला दोन आठवडे जातात. साधारण नवव्या ते चौदाव्या दिवशी शेपटी लुळी पडते, मग मागचे पाय. आजार किती चढला याचे गुण देणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध मिळालं हे माहीत नसावं लागतं, कारण 'थोडा लंगडतोय' हे नजरेवर असतं.

एवढं करूनही माणसात उलटं घडू शकतं. टीएनएफ हा दाहाचा संदेश अडवल्यावर उंदीर सुधारले होते. संधिवातातही तो उपाय लागू पडतो. पण मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना लेनरसेप्ट हे टीएनएफ अडवणारं औषध दिलं तेव्हा आजाराचे झटके वाढले. तो अहवाल १९९९ चा. टीएनएफ नुसता जाळत नाही, दुरुस्तीलाही लागतो. तेव्हा 'दाह कमी करणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिराती मला पाठवत जाऊ नका, बाबा.

पीएचडीला चार ते सहा वर्षं, त्यावर पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत आणखी काही वर्षं संशोधन, मग जमल्यास स्वतःची प्रयोगशाळा. अनुदान मात्र सहसा तीन-पाच वर्षांपुरतंच. हिशेब जुळत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

एक गोष्ट मात्र दोघांनी लक्षात ठेवा. उतारवयात लघवीचा किंवा छातीचा संसर्ग झाला, की शरीरातल्या दाहाचे संदेश मेंदूपर्यंत पोचून माणूस एकाएकी गोंधळतो, असंबद्ध बोलतो किंवा नुसता गुंगीत पडून राहतो. ताप असेलच असं नाही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, हे मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होतं आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतं. वय झालं म्हणून सोडून देऊ नका. मनाने झोपेची गोळी देऊ नका, तिने गोंधळ वाढतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, चालू औषधांची यादी न्या आणि माणूस शेवटचा नीट कधी बोलला ती वेळ सांगा.

तुमची,
लेक