पाळकसाहेब, आमेन झाल्यावर तुम्ही गोळीची वेळ विचारलीत

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र तुमच्या हाती द्यायचं सोडून सगळ्यांसमोर लिहितेय, त्यामुळे तुम्हाला थोडं अवघडल्यासारखं होईल. पण अपस्माराचा त्रास असलेल्या आणि प्रभूवर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या कितीतरी जणांना आजही ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ हेच ऐकावं लागतं. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही कानावर पडावं, म्हणून हे आभार उघडपणे मानतेय.

उपासनेत मला झटका आला तो दिवस तुम्हाला आठवतच असेल. मला त्यातलं काही आठवत नाही, बहिणीने सांगितलं ते लिहिते. गीत चालू होतं आणि मी बाकावरून खाली कोसळले. कोणी मोठमोठ्याने सैतानाला धमकावू लागलं, कोणी माझे हातपाय दाबून धरले, कोणी दातखीळ उघडायला धावलं. तुम्ही व्यासपीठावरून खाली आलात आणि आधी हात सोडायला लावलेत. “तोंडात काही घालू नका, तिला मोकळं राहू द्या.” डोक्याखाली कोणाचीतरी शाल सारलीत, घड्याळाकडे नजर ठेवलीत. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर रुग्णवाहिका बोलवायची, हेही तेव्हाच सांगून ठेवलंत. अंगाचे झटके थांबल्यावर मला कुशीवर वळवलंत. माझे कपडे ओले झाले होते. तुम्ही अंगातला झगा काढून माझ्यावर घातलात आणि लोकांना पाठ फिरवून गीत पुढे म्हणायला सांगितलंत. अशा झटक्यानंतर शुद्धीवर येताना माणसाला सगळ्यात आधी लाज घेरते. ती लाज त्या दिवशी माझ्यापर्यंत पोहोचली नाही, ती तुमच्यामुळे.

त्यानंतर तुम्ही घरी आलात. चर्चच्या वडीलमंडळींना सोबत आणलंत, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं माझ्या कपाळाला तेल लावलंत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत. आणि आमेन म्हणून डोळे उघडताच विचारलंत, “रात्रीची गोळी किती वाजता असते तुझी?” त्याच सुरात, त्याच आवाजात. प्रार्थना संपून आता वेगळा विषय सुरू झालाय असं तुमच्या बोलण्यात कुठेच नव्हतं.

त्याआधी एका शिबिरात मला सांगण्यात आलं होतं की गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर संशय घेणं, खरा विश्वास असेल तर त्या टाकून दे. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण अपस्माराच्या गोळ्या अशा एकाएकी बंद केल्या तर झटक्यामागून झटका येत राहू शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. हे माहीत नसताना दुसऱ्याला असा सल्ला देणं फार भयंकर आहे. जगात जवळपास ५ कोटी लोकांना हा आजार आहे. वेळेवर निदान आणि नीट औषधोपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या शिबिरात हे सांगायला कोणीच नव्हतं.

तुम्ही मार्काच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढलात, ज्यात एक बाप झटके येणाऱ्या आपल्या मुलाला येशूकडे आणतो. मला त्याची धास्तीच होती, कारण तोच उतारा माझ्यावर आजवर फेकला गेला होता. तुम्ही तो सावकाश वाचलात. त्या मुलातून दुष्ट आत्मा निघाला असं मार्क लिहितो, ते तुम्ही झाकलं नाहीत, गुळमुळीतही केलं नाहीत. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात लोक कोणाकोणाला येशूकडे आणत होते ते दाखवलंत. तिथे भूतग्रस्त वेगळे सांगितलेत आणि फेफरेकरी, म्हणजे अपस्माराचे रुग्ण, वेगळे. मग मला थांबवून एक प्रश्न दाखवलात, जो मी इतक्या वेळा ऐकूनही कधी टिपला नव्हता. येशू मुलाच्या बापाला विचारतो, “असं किती दिवसांपासून होतंय?” बाप सांगतो, बालपणापासून, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. “बघ,” तुम्ही म्हणालात, “प्रभूने आधी विचारपूस केली. डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात. उद्या जाशील तेव्हा सगळं नीट सांग, काही लपवू नकोस.”

आणि त्याच गोष्टीतलं दुसरं. मत्तय सांगतो की अल्पविश्वासाबद्दल प्रभू बोलला ते शिष्यांना. म्हणजे मुलाला बरं करायला जे गेले होते त्यांना. तोंडाला फेस येऊन जमिनीवर लोळणाऱ्या त्या पोराला त्याने विश्वासाचा एक शब्दही विचारला नाही. बापाने “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका” असं अर्धंमुर्धं म्हटलं, तेवढंही पुरलं. हे ऐकून मी रडले, ते तुम्ही पाहिलंत आणि काही न बोलता बसून राहिलात.

माझ्या मामांनी तेव्हा आसा राजाचा दाखला काढला होता. पाय दुखत असताना तो परमेश्वराला शरण न जाता वैद्यांकडे गेला, असं बायबलमधल्या ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकात आहे. तुम्ही शांतपणे म्हणालात, “मामा, तक्रार तो परमेश्वराकडे गेला नाही याची आहे. आता हिज्कीया राजाचं वाचा.” हिज्कीयाने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला आणखी १५ वर्षं दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. वचन देणारा संदेष्टा आणि लेप सांगणारा संदेष्टा एकच. मामा त्यावर बराच वेळ गप्प होते. पुढे तपासणीला मला तेच घेऊन जाऊ लागले.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हे की तुम्ही माझी नुसती कीव केली नाहीत. ‘विश्वास कमी’ म्हणणाऱ्यांनी दोष माझ्या माथी मारला होता आणि करण्यासारखं माझ्या हाती काही ठेवलं नव्हतं. तुम्ही दोष उतरवलात आणि काम हातात दिलंत. गोळी ठरल्या वेळी घ्यायची, उपासाच्या दिवशीसुद्धा. कधी झटका आला, आधी काय झालं होतं, झोप किती झाली होती, हे वहीत लिहायचं. रात्रभराच्या प्रार्थनेला मला यायचं होतं, तर तुम्ही चक्क घरी पाठवलंत. जागरणाने झटका येऊ शकतो हे तुम्ही डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. “तू झोप, आम्ही जागतो. तुझी आज रात्रीची आज्ञाधारकता झोपण्यात आहे.” दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मला वगळल्यासारखं वाटलं असतं. तुम्ही सांगितलंत तेव्हा ते माझ्या वाट्याचं काम वाटलं.

साक्षीचंही तसंच. काही काळ झटका आला नाही तेव्हा मंडळीत आनंदीआनंद झाला आणि मी उभं राहून ‘पूर्ण बरी झाले’ अशी साक्ष द्यावी असा आग्रह सुरू झाला. तुम्ही नको म्हणालात. प्रभूने बरं केलेल्या कुष्ठरोग्यालासुद्धा आधी याजकाकडे जाऊन स्वतःला दाखव असं सांगितलं होतं, याची तुम्ही सगळ्यांना आठवण दिलीत. मी उभी राहिले आणि म्हटलं की त्रास कमी आहे, गोळ्या चालू आहेत, प्रभू सोबत आहे. थोड्याच दिवसांत पुन्हा झटका आला. तेव्हा मला कोणापुढे खोटं पडावं लागलं नाही, आणि कोणी माझ्या विश्वासाची झाडाझडतीही घेतली नाही.

मी अजून पूर्ण बरी झालेले नाही. होईन की नाही ते प्रभूला ठाऊक. बरेपणासाठी मी रोज मागते, अगदी स्पष्ट शब्दांत मागते, कारण मागायचं तर संकोच कशाला, हेही तुम्हीच शिकवलंत. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, आणि त्याला काटा निघण्याऐवजी कृपा मिळाली. तो उताराही तुम्ही मला वाचून दाखवलात, पण माझी मागणी गप्प करायला तो कधी वापरला नाहीत.

उपासनेनंतर दहा मिनिटं थांबवून सगळ्या मंडळीला झटक्याच्या वेळी काय करायचं हे तुम्ही शिकवलंत, त्याबद्दलही आभार. परवा शब्बाथशाळेत एका मुलाला झटका आला तेव्हा तिथल्या मुलींनी त्याला बरोबर कुशीवर वळवलं, वेळ पाहिली. त्याची आई नंतर माझ्याकडे आली. मी तिला माझ्या डॉक्टरांचा नंबर दिला आणि तुमच्याकडेही पाठवतेय.

पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. प्रार्थनेत आठवण असू द्या.

प्रभूमध्ये तुमची,
मंडळीतली एक बहीण