मान्सूनचा नकाशा विषुववृत्ताखालपर्यंत छापावा

महोदय,

मान्सूनच्या बातमीसोबत आपण जो नकाशा छापता, त्यात वाऱ्याचे बाण अरबी समुद्रात सुरू होतात. ते मादागास्करच्या पूर्वेकडून, मॉरिशसच्या आसपासून निघालेले दाखवावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत असे. वायुदाबमापकाची नोंद मुले रोज फळ्यावर लिहायची. जानेवारीत १०१२-१३ हेक्टापास्कल असणारा समुद्रसपाटीचा दाब जुलैत १००४-५ वर यायचा. मग एखादी मुलगी हमखास विचारायची, "सर, एवढी हवा गेली कुठे?" प्रश्न लाखमोलाचा आहे. एक हेक्टापास्कल म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे १० किलो हवा. म्हणजे शाळेच्या पटांगणात प्रत्येक चौरस मीटरवरची जवळजवळ ८० किलो हवा भर पावसाळ्यात तिथे नसते! आशियाच्या मोठ्या भूभागावर हेच घडते. त्यातली काही हवा उत्तर पॅसिफिकवर सरकते, बरीचशी विषुववृत्त ओलांडून दक्षिण गोलार्धात जाते. तिकडे तेव्हा हिवाळा असतो. आपल्या हिवाळ्यात ती परतते आणि सैबेरियावर थंड, जड हवा साचते.

पण पावसाळ्यात वारा तर दक्षिणेकडून येतो, मग हवा तिकडे जाते कशी? खालून येते आणि वरून जाते. मॉरिशस ज्यांत येते त्या मास्करीन बेटांजवळच्या जास्त दाबाच्या पट्ट्यातून निघालेले आग्नेय वारे केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतात. पूर्व आफ्रिकेचे डोंगर त्यांना पश्चिमेकडे पसरू देत नाहीत, पृथ्वीच्या परिवलनामुळे ते उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून कोकणावर येतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, साधारण दीड किलोमीटर उंचीवर, हा झोत सर्वांत जोरदार असतो. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६०च्या दशकात त्याचा तपशीलवार अभ्यास केला. पाऊस पाडून वर चढलेली हवा बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरून पुन्हा दक्षिणेकडे वळते. वसंतापासून जुलैपर्यंत येणाऱ्या हवेपेक्षा जाणारी किंचित जास्त भरते, म्हणून आपल्याकडचा दाब उतरत जातो.

कोकणातल्या शेतकऱ्याची पेरणी ज्या वाऱ्यावर अवलंबून आहे, त्याचा निम्मा प्रवास नकाशाबाहेर राहावा, हे मला पटत नाही. हवामान विभागाच्या पत्रकांत या विषुववृत्त ओलांडणाऱ्या प्रवाहाचा उल्लेख येतो. बातमीत मात्र तो गळतो. मेच्या मध्यापासून नकाशा ३० अंश दक्षिणेपर्यंत वाढवावा आणि मास्करीनजवळचा दाब व सोमालियाजवळचा वाऱ्याचा वेग रोज एका छोट्या चौकटीत द्यावा.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, रत्नागिरी